हलतंय म्हणजे बरोबर हलतंय असं नाही! आरसी विमानाची फायनल असेंब्ली आणि आपला धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी दुकानाच्या टेबलवर एक आरसी ट्रेनर विमान जोडून दाखवलंय. व्हिडिओत हात दिसतात, स्क्रू दिसतात. पण त्यामागचा हिशोब आणि मी खाल्लेला एक मोठा फटका कॅमेऱ्यासमोर नीट सांगता आला नाही. म्हणून हा लेख. तुम्ही विमानं विकत नसाल तरी वाचा. सायकल, शिलाई मशीन, वॉटर प्युरिफायर, फर्निचर, काहीही जोडून देत असाल तर हा लेख तुमचाच आहे.

चार सेकंदांत पडलेलं विमान

कोल्हापुरात माझं खेळणी आणि हॉबीचं दुकान आहे. दुकान सुरू करून दुसरं वर्ष चालू होतं. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणारे एक काका आले. मुलगी आठवीत, विमानाचं वेड. वाढदिवसाला तिला खरंखुरं उडणारं विमान द्यायचं होतं. मी त्यांना ४८ इंच पंखाचं, बाल्साचं, इलेक्ट्रिक मोटरचं ट्रेनर सुचवलं. पंख वर असलेलं, चार चॅनेलचं. शिकायला चांगलं. काकांनी विचारलं, "जोडून देणार न्हवं?" मी म्हटलं, "देणार की. फुकट जोडून देतो."

इथेच पहिली चूक झाली, पण तिच्याकडे नंतर येऊ.

मी विमान जोडलं, दुकानातल्या रिमोटवर सगळं तपासलं. सगळं बरोबर होतं. द्यायच्या दिवशी काका म्हणाले, मुलीच्या शाळेतल्या सरांकडे दुसऱ्या कंपनीचा रिमोट आहे, तसलाच द्या, म्हणजे सर शिकवतील. मी बॉक्स फोडला, नवा रिमोट रिसीव्हरला जोडला, स्टिक इकडेतिकडे हलवली. पंखावरच्या पट्ट्या हलल्या. "झालं काका, चालतंय!" दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, मला घाई होती.

रविवारी सकाळी पन्हाळ्याच्या बाजूला एका मुरमाड माळावर गेलो. पहिलं उड्डाण मीच करून देणार होतो. विमान पळालं, उचललं, थोडं डावीकडे कललं. हे नेहमीचं आहे. मी स्टिक उजवीकडे दिली. विमान आणखी डावीकडे कललं. घाबरून मी पूर्ण उजवीकडे दिली. डावा पंख सरळ जमिनीत घुसला. सगळं मिळून चार सेकंद.

एलेरॉन उलटे होते. दुकानातल्या रिमोटच्या सेटिंगमध्ये मी तो चॅनेल रिव्हर्स करून ठेवला होता. नव्या रिमोटमध्ये ते सेटिंग नव्हतं. पट्ट्या हलत होत्या, पण उलट्या दिशेला. मी "हलतंय" एवढंच बघितलं.

मुलगी काही बोलली नाही. तुकडे गोळा करायला लागली. काका मात्र बोलले, आणि ते वाक्य आज माझ्या दुकानाच्या भिंतीवर लावलंय: "मालक, आमच्याकडं ज्यानं माल बनवला, तो माल पास करत न्हाई. पास करणारा माणूस येगळा असतोय."

बीबीएच्या तीन वर्षांत क्वालिटी कंट्रोल हा विषय मी पास झालो होतो. शिकलो त्या माळावर.

फायनल असेंब्ली म्हणजे नक्की काय?

आज बहुतेक लोक एआरएफ प्रकारचं किट घेतात. म्हणजे सांगाडा तयार, वर फिल्म चिकटवलेली, पंख आणि शेपूट वेगवेगळे. बॉक्सवर लिहिलेलं असतं "जवळजवळ तयार". हा "जवळजवळ" शब्द लक्षात ठेवा. उरलेलं काम चार-पाच तासांचं असतं आणि विमान उडणार की पडणार हे त्याच तासांत ठरतं. मी कोणत्या क्रमाने करतो ते सांगतो. किटबरोबर येणारं माहितीपत्रक आधी पूर्ण वाचायचं. तिथे आकडा दिला असेल तर तोच खरा.

१. पंख. दोन अर्धे पंख मधल्या जोडपट्टीवर बसवायचे. आधी गोंद न लावता बसवून बघा. फट दिसते का, दोन्ही बाजू सारख्या उचललेल्या आहेत का? मगच इपॉक्सी. इथे ३० मिनिटांचं इपॉक्सी वापरा. ५ मिनिटांचं वापरलं तर सरळ करेपर्यंत ते आवळायला लागतं आणि चूक कायमची पक्की होते.

२. शेपूट. नवखा माणूस हमखास चुकतो ती जागा. आडवी शेपटी बॉडीत जिथे बसते तिथली फिल्म काढावी लागते. फिल्मवर गोंद लावला तर गोंद फिल्मला धरतो, लाकडाला नाही, आणि एक दिवस हवेत शेपूट सुटतं. पण फिल्म कापताना ब्लेडचा दाब जास्त पडला तर खालच्या बाल्साला चीर जाते. मग शेपूट नेमकं त्याच रेषेवर मोडतं. हलका हात, नवं ब्लेड. मी तर सोल्डरिंग आयर्नच्या गरम टोकाने फिल्म कापतो, लाकडाला धक्का लागत नाही.

मग माप. पंखाच्या डाव्या टोकापासून शेपटीच्या डाव्या टोकापर्यंत दोरा धरा, तोच दोरा उजवीकडे धरा. दोन्ही अंतरं सारखी हवीत. नंतर पाठीमागे चार पावलं जाऊन बघा, पंख आणि शेपूट एकमेकांना समांतर दिसायला हवेत.

३. बिजागऱ्या. एलेरॉन, एलिव्हेटर, रडर, प्रत्येक पट्टी बोटांनी धरून जरा ओढून बघायची. "कंपनीने चिकटवलंय" यावर विश्वास ठेवायचा नाही. सैल वाटलं तर पातळ सीए ग्लूचे दोन थेंब.

४. सर्व्हो. आधी रिमोट आणि रिसीव्हर चालू करा, ट्रिम मध्यावर ठेवा, आणि मग सर्व्होचा आर्म पुशरॉडला काटकोनात बसवा. उलट क्रमाने केलं तर मध्यबिंदू चुकतो. आर्मचा छोटा स्क्रू विसरू नका. तो स्क्रू नसला तरी टेबलवर सगळं छान चालतं, हवेत आर्म निसटतो. क्लेव्हिसवर सिलिकॉन ट्यूबचा छोटा तुकडा सरकवून ठेवा म्हणजे तो उघडणार नाही.

५. मोटर. नाकाकडून बघितलं तर मोटर जराशी खाली आणि एका बाजूला झुकलेली दिसते. तुमचा हात शिवशिवेल, "कंपनीने वाकडी बसवलीय, सरळ करू या." करू नका. तो कोन मुद्दाम दिलेला असतो, पंख्याच्या ओढीमुळे विमान वर किंवा डावीकडे पळू नये म्हणून. मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीन वायरींपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करा. हे सगळं पंखा न लावता करायचं. पंखा लावतो तो सर्वांत शेवटी, आणि त्यावरचे आकडे पुढे, म्हणजे विमान ज्या दिशेला जातं त्या बाजूला ठेवून.

६. सीजी, म्हणजे तोल. बॅटरीसकट सगळं बसवल्यावर तोल बघायचा. ट्रेनर विमानाचा तोल साधारणपणे पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर असतो, पुढच्या कडेपासून मोजून. पंखाची रुंदी २०० मिलिमीटर असेल तर ५० ते ६६ मिलिमीटर. तिथे पंखाखाली दोन्ही बाजूंना पेन्सिलची खूण करा, खुणेवर बोटांची टोकं ठेवून विमान उचला. ते आडवं राहिलं किंवा नाक किंचित खाली गेलं तर उत्तम. शेपूट खाली गेलं तर तसंच उडवू नका. नाक जड असलेलं विमान जडशीळ उडतं, पण ताब्यात राहतं. शेपूट जड असलेलं विमान नवख्याच्या हातात टिकत नाही. वजनाचे तुकडे चिकटवायच्या आधी बॅटरी पुढेमागे सरकवून बघा, बऱ्याचदा तेवढ्यात भागतं. जागा ठरली की बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधा आणि बॉडीच्या आत मार्करने रेघ मारा, म्हणजे गिऱ्हाईकही रोज तिथेच ठेवेल.

७. दिशा. माझ्या चार सेकंदांची जागा. विमानाच्या मागे उभं राहायचं, नाक आपल्यापासून पलीकडे.

- स्टिक उजवीकडे: उजवा एलेरॉन वर, डावा खाली.
- स्टिक आपल्याकडे ओढली: एलिव्हेटर वर.
- रडर उजवीकडे: रडरची मागची कड उजवीकडे, पुढचं चाक जोडलेलं असेल तर तेही उजवीकडे.
- थ्रॉटल खाली: मोटर पूर्ण बंद.

रिमोट बदलला, रिसीव्हर बदलला, सर्व्होची वायर नुसती काढून परत लावली, तरी हे चारही परत तपासायचे. कालचा तपास आज चालत नाही.

८. सिग्नल. पंखा काढलेला असतानाच, विमान कुणाला तरी धरायला सांगून, रिमोट बंद करा. मोटर थांबायलाच हवी. याला फेलसेफ म्हणतात. मग रिमोटच्या रेंज चेक मोडवर, माहितीपत्रकात दिलेल्या अंतरावर जाऊन सगळ्या पट्ट्या हलतात का बघा. रोजचा नियम: चालू करताना आधी रिमोट, मग विमानाची बॅटरी. बंद करताना आधी विमान, मग रिमोट.

जोडणारा एक, पास करणारा दुसरा

त्या रविवारनंतर मी एक पानाचा तक्ता बनवला. २२ ओळी, प्रत्येक ओळीसमोर दोन चौकोन. पहिला चौकोन जोडणाऱ्याचा, दुसरा तपासणाऱ्याचा. मी जोडलं तर दुकानातला मुलगा तपासतो. तो जोडतो तेव्हा मी तपासतो. तपासणाऱ्याने "हलतंय" लिहायचं नाही. "उजवी स्टिक, उजवा एलेरॉन वर" असं मोठ्याने बोलायचं आणि मग टिक करायची.

पहिल्या महिन्यात मला हे जरा जास्तच वाटायचं. विसाव्या वर्षाचं पोरगं मालकाचं काम तपासणार? पण दुसऱ्याच आठवड्यात त्याने माझ्या एका विमानात सर्व्होचा स्क्रू नसल्याचं पकडलं. तेव्हापासून अहंकाराचा विषय संपला. ज्याने स्वतः जोडलंय त्याच्या डोळ्यांना ते बरोबरच दिसतं. माणूस हुशार असो की नवखा, हे सगळ्यांना लागू आहे.

तुम्ही एकटेच असाल तर? मग जोडणी आज, तपासणी उद्या सकाळी, चहा झाल्यावर. मध्ये एक रात्र जाऊ द्या.

तक्त्याबरोबर मी आणखी एक गोष्ट सुरू केली. विमान देताना गिऱ्हाइकासमोर एक मिनिटाचा मोबाईल व्हिडिओ. त्यात चारही दिशा, तोलाची खूण आणि बॅटरीची रेघ. व्हिडिओ गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर जातो, एक प्रत आमच्याकडे राहते. वाद झाला तर दोघांकडे पुरावा. खरं सांगू? हे सुरू केल्यापासून वाद झालेलाच नाही.

फुकट जोडून देऊ नका

आता पहिली चूक. मी म्हटलं होतं, "फुकट जोडून देतो." फुकटच्या कामाला आपण मनातून वेळ देत नाही. गिऱ्हाइकं उभी असली की फुकटचं काम आधी उरकलं जातं. बॉक्सवर तसाही फारसा नफा राहत नाही, तोच बॉक्स लोकांना मोबाईलवर स्वस्त दिसतो. आपल्याकडे जे आहे आणि मोबाईलवर नाही, ते म्हणजे हे चार तास. तेच फुकट दिले तर विकायचं काय?

दर कसा काढायचा? उदाहरण घेऊ, आकडे तुमचे तुम्ही टाका.

समजा दुकानाचा महिन्याचा खर्च ६०,००० रुपये आहे. यात भाडं, लाईट, मुलाचा पगार आणि तुमचा स्वतःचा पगारही धरायचा. महिन्याला २५ दिवस, रोज खऱ्या कामाचे ६ तास. झाले १५० तास. ६०,००० भागिले १५०, म्हणजे एका तासाला ४०० रुपये.

- जोडणी ४ तास: १,६०० रुपये
- दुसऱ्या माणसाची तपासणी अर्धा तास: २०० रुपये
- इपॉक्सी, सीए ग्लू, पट्टे, टेप: १५० रुपये
- एकूण: १,९५० रुपये
- आपली चूक निघाली तर भरून द्यायला १० टक्के राखीव: १९५ रुपये

झाले २,१४५, म्हणजे २,१५० रुपये. जीएसटी लागू असेल तर तो वेगळा, आणि त्यासाठी सीएला विचारा. ग्लूवाला सीए नाही, दुसरा!

शेवटची १० टक्क्यांची ओळ बहुतेक लोक धरतच नाहीत. माझ्याकडे ती नव्हती. काकांच्या विमानात मला ११०० रुपये सुटले होते आणि नवा पंख, मोटर माउंट, पंखा मिळून खिशातून ४,००० च्या वर गेले. दुरुस्ती मीच करून दिली, पैसे मागायचा प्रश्नच नव्हता. पण ते पैसे घरखर्चातून आले. धंद्याची चूक धंद्याने भरायला हवी.

पहिलं उड्डाण करून देणं ही वेगळी सेवा, वेगळा दर. त्यात जाण्यायेण्याचा अर्धा दिवस जातो.

"एवढे पैसे कोण देणार?" हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. सगळे देत नाहीत. काही जण म्हणतात, मी घरीच जोडतो. त्यांना मी तो तक्ता फुकट देतो आणि सांगतो, जोडून झालं की आणा, अर्ध्या तासात तपासून देतो, २०० रुपये. यातले बरेच जण पुढच्या विमानाला जोडणीही आमच्याकडेच देतात, कारण तपासणीत त्यांच्या डोळ्यांदेखत दोन-तीन चुका निघालेल्या असतात.

आणखी एक. आमच्याकडे पावसाळ्यात उडवणं जवळपास बंद. मागणी येते दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत. म्हणून जून ते सप्टेंबर दुरुस्त्या घ्यायच्या, सैल पडलेली फिल्म गरम करून ताणून द्यायची, आणि सुट्टीआधी दोन-तीन विमानं जोडून तयार ठेवायची.

देताना काय सांगायचं?

"पडणार नाही" असं कधीही सांगू नका. आरसी विमान शिकताना पडतंच. बिलावर स्वच्छ लिहा: जोडणीत चूक निघाली तर खर्च आमचा, उडवताना पडलं तर दुरुस्ती गिऱ्हाइकाच्या खर्चाने. आधी सांगितलं तर कुणालाही राग येत नाही.

बॅटरीबद्दल बसवून सांगा. लिपो बॅटरीचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, तीन सेलची बॅटरी १२.६ व्होल्ट. चार्जिंगला लावून झोपायचं नाही, बाहेर जायचं नाही. फुगलेली बॅटरी वापरायची नाही. बरेच दिवस उडवणार नसाल तर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा, पूर्ण भरून ठेवू नका.

आणि जागा. ड्रोन नियम २०२१ फक्त ड्रोनवाल्यांसाठी आहेत असं गिऱ्हाइकाला वाटतं. करमणुकीसाठी उडवायची रिमोटवरची मॉडेलंही त्यात येतात. डिजिटल स्कायच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे भाग दिसतात. लाल आणि पिवळ्यात परवानगीशिवाय जायचं नाही. आमच्याकडे उजळाईवाडीला विमानतळ आहे, म्हणून मी सगळ्यांना उलट्या दिशेच्या माळावर पाठवतो. गिऱ्हाइकाला मोबाईलवर तो नकाशा उघडून दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे.

तुमच्या धंद्यात शेवटचा तास कुठला?

आता वही घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. माझ्या मालात किंवा सेवेत असं कुठलं शेवटचं काम आहे, जे चुकलं तर आधीचं सगळं वाया जातं? सायकलवाल्याचा ब्रेक, केटरिंगवाल्याचं मीठ, टेलरचं शेवटचं माप.

२. ते काम मी "होतंय ना" एवढंच बघतो, की "बरोबर होतंय ना" हे बघतो? आणि बघणारा माणूस कोण?

३. त्या कामाचे पैसे माझ्या बिलावर वेगळ्या ओळीत आहेत का?

तिन्ही उत्तरं एका पानात बसतात. ते पान काउंटरमागे लावा.

काकांच्या विमानाचं पुढे काय झालं? तीन आठवड्यांनी तेच विमान, नवा पंख, तोच माळ. मी तक्ता काढला आणि तपासायला सुरुवात केली, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "दादा, तुम्ही जोडलंय ना? मग पास मी करणार." ती विमानामागे उभी राहिली, एकेक ओळ मोठ्याने वाचली, एकेक टिक केली. एलेरॉनच्या ओळीला तिने मला स्टिक दोनदा हलवायला लावली.

मग विमान उडालं. सहा मिनिटं हवेत होतं. उतरवताना चाक जरा वाकलं, ते माझ्या हाताने, तक्त्याची चूक नाही!

आमचा २२ ओळींचा तक्ता व्हिडिओच्या शेवटी पूर्ण दाखवलाय. थांबवून उतरवून घ्या आणि तुमच्या कामाप्रमाणे बदला. भेटू पुढच्या व्हिडिओत, विषय आहे उधारीची वही.